नवं संगीत ऐकून 'बरं आहे'च्या पुढे काही सुचत नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विशीपर्यंत जी गाणी कानावर पडली तीच तुम्ही आजवर ऐकत आलात. त्यातले वाद्यांचे तुकडेसुद्धा तोंडपाठ आहेत. गेल्या सहा महिन्यांत मात्र ठरवून नवं ऐकायला घेतलंत. जॅझ, मेटल, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक, वाद्यवृंदाच्या नव्या रचना, जे समोर येईल ते. पण अल्बम संपला की 'बरं आहे' किंवा 'आपल्याला नाही झेपत' याच्या पुढे वाक्य जात नाही. ज्या संगीताचं व्याकरणच येत नाही त्यावर मत द्यायचा आपल्याला अधिकार आहे का, आणि शेवटी सगळा आवडीनिवडीचाच मामला असेल तर हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंत. जाता जाता हेही विचारलंत, की दहापैकी गुण द्यावेत का.

मी गेली सतरा वर्षं दर आठवड्याला नवे अल्बम ऐकतो आणि त्यांची टिपणं ठेवतो. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा निवडायचे, पुढच्या आठवड्यात त्यातले चार-पाच नीट ऐकायचे, असा शिरस्ता पडलाय. मी कुठलंही वाद्य वाजवत नाही, स्वरलिपी वाचता येत नाही. तेव्हा व्याकरण न येण्याची अडचण माझीही रोजचीच आहे. तिच्यातून वाट काढत जे हाती लागलं ते सांगतो.

तुम्हाला वाटतंय की शब्द कमी पडतात. मला तुमचं लिहिणं वाचून वेगळंच वाटलं. तुम्ही प्रत्येक अल्बमला एकच प्रश्न विचारताय, आणि तो म्हणजे 'चाल कशी आहे?' मुखडा-अंतऱ्याच्या गाण्यांवर वाढलेला कान आधी चालीकडे जातो, मग शब्दांकडे, मग गळ्याकडे. त्या गाण्यांसाठी तो क्रम अगदी बरोबर आहे, कारण ती करणाऱ्यांनी सगळा जीव तिथेच ओतलेला असतो. पण आज तुमच्यापुढे येणाऱ्या संगीतातलं निम्मंअधिक संगीत चालीवर उभंच नाही. कुठे ठेक्यावर भर आहे, कुठे आवाजाच्या पोतावर, कुठे एकच गोष्ट चाळीस वेळा करताना होणाऱ्या बारीक फरकावर. त्याला तुम्ही चालीबद्दल विचारलंत की ते गप्प बसतं, आणि तुमच्या हाती 'बरं आहे' एवढंच उरतं.

म्हणून माझं पहिलं काम असतं ते या लोकांनी कष्ट कुठे घेतलेत हे शोधणं. मत त्यानंतर.

हे किती सोपं जाईल ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. तुम्ही कशावर ऐकता, सलग किती वेळ मिळतो, दिवसभराच्या कामानं डोकं किती शिणलेलं असतं, आणि मत स्वतःपुरतं हवंय की दुसऱ्यांना सांगायचंय. स्वतःपुरतं असेल तर पुढे जे लिहिलंय त्यातलं अर्धं सोडून दिलंत तरी चालेल. दुसऱ्यांना सांगायचं असेल तर मात्र जबाबदारी वाढते, कारण तुमच्या एका वाक्यावरून कुणीतरी एखादा अल्बम ऐकायचा सोडून देऊ शकतं.

कष्ट कुठे घेतलेत हे कसं शोधायचं, त्याचं एक उदाहरण घेतो. दक्षिण आफ्रिकेतून आलेला आमापियानो हा नाचाचा प्रकार तुमच्या यादीत आहे आणि त्यापुढे तुम्ही 'सगळी गाणी सारखीच, कंटाळवाणी' असं लिहिलंय. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझंही मत हेच होतं. गती मिनिटाला ११० ते ११५ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे नाचाच्या संगीताच्या मानानं निवांत. एकेक ट्रॅक सहा-सात मिनिटांचा. सुरुवातीचं मिनिट-दीड मिनिट खुळखुळ्यासारखा एक आवाज, पियानोचे दोन-चार कॉर्ड, आणि काहीच घडत नाही. मी ते फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो. नंतर कधीतरी चांगले हेडफोन लावून तोच ट्रॅक ऐकला, आणि दीड मिनिटानंतर खालून लॉग ड्रम आला. नाव ड्रमचं असलं तरी तो एक घुमणारा, लाकडी पोताचा बेसचा, म्हणजे खर्जातला आवाज आहे, आणि तो नुसता ठेका देत नाही. तो घसरतो, स्वर बदलतो, ठोका चुकवून अर्ध्या मात्रेनं मागून येतो. त्या संगीतातला मुख्य गवई तोच. फोनचा एवढासा स्पीकर इतके खालचे स्वर वाजवूच शकत नाही, त्यामुळे मी जे ऐकून मत बनवलं होतं ते मैफलीतून गवयाला वगळून फक्त साथ ऐकण्यासारखं होतं. त्या दिवशी मी माझ्या आधीच्या टिपणावर काट मारली आणि शेजारी 'ऐकलंच नव्हतं' असं लिहिलं.

तेव्हापासून नियमच केला. बेसवर उभं असलेलं काहीही, मग ते आमापियानो असो, डब असो वा ड्रम अँड बेस, फोनच्या स्पीकरवर ऐकून त्यावर मत द्यायचं नाही.

मेटलच्या बाबतीत तुमची अडचण वेगळी दिसते. 'नुसता गोंगाट, आणि तो माणूस ओरडतोय का?' असं तुम्ही विचारलंय. इथे मला एक युक्ती फार उपयोगी पडली. डेथ मेटल किंवा ब्लॅक मेटलमध्ये ड्रम अतिशय जलद वाजत असतात, आणि कान त्या वेगालाच चिकटून बसतो. मग सगळं एकसारखं वाटू लागतं. तुम्ही मुद्दाम सर्वांत सावकाश हलणारा थर शोधा. ड्रमच्या त्या भडिमारावर बहुतेक वेळा गिटारचे स्वर चार-चार, आठ-आठ ठोक्यांनी एकदा बदलत असतात. त्या बदलावर कान ठेवलात की एक संथ, पसरट, कधी कधी चक्क करुण सुरावट ऐकू येते. ड्रम हे तिच्याभोवतीचं वादळ. आणि गळा? त्याच्याकडे गाणं म्हणून पाहू नका. तो खरखरीत आवाज तिथे एका वाद्याचं काम करतोय. तो कुठे येतो, किती वेळ टिकतो, कुठे थांबून वाद्यांना मोकळं सोडतो, एवढंच पाहा.

२०२४ साली ब्लड इन्कँटेशन या अमेरिकन बँडचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' आला. त्यात दोनच रचना आहेत, प्रत्येकीचे तीन भाग. डेथ मेटलचा आघात चालू असताना मध्येच सगळं थांबतं आणि सिंथेसायझरचा सत्तरच्या दशकातल्या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतासारखा शांत, तरंगता भाग सुरू होतो. पहिल्यांदा मला ते जोडकाम वाटलं, दोन वेगळे अल्बम कापून एकत्र चिकटवल्यासारखं. टिपणात तसंच लिहिलं. चौथ्यांदा ऐकताना शांत भाग संपत आला आणि माझ्या लक्षात आलं की माझे खांदे ताठ झालेत, मी पुढच्या आघाताची वाट बघतोय. ती शांतता आता विश्रांतीची राहिली नव्हती, तिच्यातच ताण आला होता. माझ्या लेखी तो अल्बम तिथे जिंकला. पण हे चौथ्या ऐकण्याला कळलं, आणि चार वेळा ऐकायचं ठरवलं होतं म्हणून कळलं.

आता ज्या अल्बमनं मला ऐकायला शिकवलं असं मी मानतो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मार्च २०२१ मध्ये 'प्रॉमिसेस' आला. फ्लोटिंग पॉइंट्स या नावानं काम करणारा इंग्लंडमधला इलेक्ट्रॉनिक संगीतकार सॅम शेफर्ड, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. नऊ भाग, सलग ऐकायचे, पाऊण तासाच्या आसपास. सँडर्स तेव्हा ऐंशीचे होते आणि पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, गेले. साठच्या दशकात जॅझमधले नामवंत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याबरोबर वाजवताना सॅक्सोफोन फाटेल की काय असं वाटायला लावणारे सूर काढणारा हा माणूस. मी तेच ऐकायच्या तयारीनं बसलो होतो.

सुरुवात होते ती सात स्वरांच्या एका तुकड्यानं. तारा छेडल्यासारखा, घंटेसारखा, चिमुकला. तो वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. आणि वाजतच राहतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, तोच तुकडा. पहिल्या दिवशी मी अठराव्या मिनिटाला बंद केला. टिपणात लिहिलं: 'सुंदर, पण पुढे जात नाही.'

तीन दिवसांनी रात्री दिवा मालवून पुन्हा लावला. या वेळी त्या तुकड्याकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. तंबोऱ्याकडे आपण कुठे लक्ष देतो? तो आहे म्हणून बाकीचं उभं राहतं. तसं करताक्षणी सगळं चित्र बदललं. त्या तुकड्याच्या दोन आवर्तनांमध्ये जी मोकळी जागा होती, तिथे सँडर्स श्वास घेताना ऐकू आले. सूर लागायच्या आधीची हवा, बोटांखालच्या कळांचा अगदी हलका खटका. चौथ्या भागात ते सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडानंच काहीतरी गुणगुणतात, शब्द नसलेलं, लहान मुलाशी बोलावं तसं. सहाव्या भागात ऑर्केस्ट्राची तंतुवाद्यं एवढी चढत जातात की तो सात स्वरांचा तुकडा त्यांच्याखाली बुडल्यासारखा होतो. आणि शेवटाजवळ तो तुकडा थांबतो. इतका वेळ गृहीत धरलेली गोष्ट नाहीशी झाल्यावर खोलीच मोठी झाल्यासारखी वाटली. मी उठून दिवा लावला नाही, बराच वेळ तसाच बसून होतो.

'पुढे जात नाही' हे माझं वाक्य खोटं नव्हतं. तो तुकडा पुढे जात नाहीच. पण ज्याच्याकडून मी पुढे जाण्याची अपेक्षा केली होती त्याचं ते कामच नव्हतं. मी चुकीच्या जागी कान लावून बसलो होतो.

असं प्रत्येक प्रकाराचं सांगता येईल, पण सगळे प्रकार इथे मांडत नाही. ॲम्बिएंट, म्हणजे वातावरणासारखं आसपास पसरून राहणारं संगीत, त्याबद्दल एवढंच, की ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं १९७८ साली हे नाव रूढ केलं तेव्हापासून ते संगीत लक्ष द्या अथवा देऊ नका, दोन्ही चालेल अशाच बेतानं केलं जातं. त्यात 'कलाटणी कुठाय?' हे विचारू नका. आणि ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरवर तुम्ही चिडलाय त्याबद्दल एवढंच, की १९९७ मध्ये ते आलं तेव्हा बेसूर गळे दुरुस्त करायलाच आलं होतं हे खरं. पण पुढच्याच वर्षी शेर (Cher) या अमेरिकन गायिकेच्या एका गाण्यानंतर लोक ते उघडपणे, परिणाम म्हणून वापरायला लागले. आता 'आवाज खोटा आहे' ही तक्रार पुरेशी नाही. त्या खोट्या आवाजानं गायकानं काय साधलं ते विचारा. कधी एकटेपणा, कधी धुंदी, कधी काहीच नाही. काहीच नाही असं आढळलं तर खुशाल तसं लिहा.

आता एका अगदी कोरड्या गोष्टीकडे येतो. ती कुणी सांगत नाही, आणि तिच्यामुळे माझी सुरुवातीची कितीतरी मतं बिघडली. ती म्हणजे आवाजाची पातळी. दोन रेकॉर्डिंगमधलं एक जरासंच मोठं वाजलं तरी आपल्याला तेच जास्त भरीव, जास्त चांगलं वाटतं. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज लहान केला की आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे स्वर इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे रात्री शेजाऱ्यांच्या भिडेखातर हळू आवाजात ऐकलेला अल्बम तुम्हाला 'पातळ' वाटला, तर दोष अल्बमचा असेलच असं नाही. स्ट्रीमिंगवर आता बहुतेक ठिकाणी आवाज एका पातळीवर आणून वाजवतात, स्पॉटिफायवर ती पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) असते, त्यामुळे पूर्वीइतका फरक पडत नाही. तरी हे सेटिंग बंद करता येतं. तुमचं चालू आहे की बंद हे एकदा बघून घ्या. दोन अल्बमांची तुलना करायची असेल तर आवाज हातानं सारखा करून घ्या, मगच बोला.

त्याच जातीची दुसरी गोष्ट वेळेची. स्पॉटिफायवर गाणं ऐकल्याची नोंद ३० सेकंदांनंतर होते. साहजिकच पुष्कळ लोक आपल्या गाण्यातला सर्वांत आकर्षक भाग त्या ३० सेकंदांत आणायला बघतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण पहिल्या अर्ध्या मिनिटावरून पुढे ढकलायची सवय लागली तर फक्त तसंच रचलेलं संगीत तुमच्यापर्यंत पोचेल. माझा नेम असा: अनोळखी प्रकारातल्या अल्बमला निदान वीस मिनिटं द्यायची. तोवर फोन पालथा.

इथे एक खरीखुरी अडचण आहे आणि ती तुम्हीही हेरली आहेत. 'पुन्हा पुन्हा ऐकलं की काहीही आवडायला लागतं, मग त्या आवडीला अर्थ काय?' असं तुम्ही विचारलंत. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये हेच मांडलं होतं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आल्यानंही आपल्याला ती जवळची वाटू लागते. म्हणजे चार वेळा ऐकल्यावर झालेला माझा मतबदल हा समजेतून आलेला की नुसत्या सवयीतून? मी यावर बरीच वर्षं विचार केला, आणि एक पद्धत ठेवली आहे. तीन-चार वेळा ऐकून झालं की अल्बम बाजूला टाकायचा. तीन आठवडे हात लावायचा नाही. त्या काळात काय आपोआप आठवतं ते बघायचं. सवयीनं आवडलेल्या गाण्याची एखादी ओळ डोक्यात घोळते, आणि ती घोळून घोळून त्रास देते. समजून आवडलेल्यातलं ठिकाण आठवतं: अमुक नंतर तमुक येतं ते, तो बदल, ती जागा. तीन आठवड्यांनी पुन्हा ऐकताना त्या जागेला पोचल्यावर आधी न ऐकलेलं काही सापडलं, तर ती सवय नव्हती असं मी समजतो. याला शास्त्रीय कसोटी म्हणत नाही. पण मला तिनं फारसं फसवलेलं नाही.

मग मत लिहायची वेळ येते. तुमच्या यादीत 'नाही आवडलं' असा शेरा तेवीस ठिकाणी आहे. मला वाटतं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत, आणि त्या सोडवल्यात तर तुमचं 'बरं आहे'चं दुखणं निम्मं जाईल. 'मला कळलं नाही' ही एक. 'कळलं, पण मला नको' ही दुसरी. 'कळलं, आणि त्यांना जे करायचं होतं ते जमलेलं नाही' ही तिसरी. टीका म्हणावी अशी फक्त तिसरी. दुसरी आवडनिवड, आणि ती सांगायला लाजायचं कारण नाही. पहिली म्हणजे अजून काम बाकी आहे.

दुसऱ्या गोष्टीचं माझं उदाहरण आंद्रे ३००० यांचा 'न्यू ब्लू सन'. आउटकास्ट या अमेरिकन हिप-हॉप जोडीमधला हा रॅपर, शब्दांवर विलक्षण हुकमत असलेला. वर्षानुवर्षं लोक त्याच्या स्वतंत्र अल्बमची वाट बघत होते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यानं काढला तो बासऱ्यांचा, रॅपचा एक शब्द नसलेला, ८७ मिनिटांचा अल्बम. ते धाडस मला मनापासून भावलं. त्याला काय करायचं होतं तेही माझ्या ध्यानात येतं: तरबेज वादकाचा आव न आणता, नवशिक्याच्या कुतूहलानं फुंकत राहणं, आणि सोबतच्या वादकांनी त्याभोवती जागा तयार करणं. ते त्याला जमलंय असंही मी म्हणेन. तरी मी त्या अल्बमकडे परत जात नाही. माझा कान बासरीकडून आलापासारखी चढती बांधणी मागतो, आणि ती तिथे नाही, नसणारच. माझ्या टिपणात शेवटचं वाक्य आहे: 'जमलंय. मला नको.' ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला मला काही वर्षं लागली, कारण आधी वाटायचं की आवडलं नाही म्हणजे काहीतरी खोट काढलीच पाहिजे. मग खोट शोधून काढायचो, आणि ती बहुतेक वेळा ओढूनताणून आणलेली असायची.

तिसऱ्या गोष्टीसाठी नाव घेत नाही, पण गेल्या वर्षी एका इलेक्ट्रॉनिक-पॉप अल्बमवर मी कडक लिहिलं. तो अल्बम उघडपणे चढ-उतारांवर बेतलेला होता. प्रत्येक गाण्यात कडवं कुजबुजत, मग धृपदाला सगळं उसळून येणार, असा आराखडा. पण मास्टरिंग करताना, म्हणजे अल्बमच्या आवाजावर शेवटचा हात फिरवताना, सगळा आवाज इतका दाबून वर आणलेला की कुजबुज आणि उसळी दोन्ही सारख्याच मोठ्या. तीन वेगळ्या हेडफोनवर ऐकलं, तेच. तिथे मी 'फसलंय' असं लिहिलं, कारण मी माझी आवड त्याच्यावर लादत नव्हतो. त्यानं स्वतःच जे कबूल केलं होतं ते पाळलं नव्हतं.

भाषेचं राहिलं. 'शब्द कळत नसतील तर हिप-हॉपवर किंवा परभाषेतल्या गाण्यावर काय बोलणार?' इथे प्रामाणिक उत्तर असं, की काही मतं तुम्ही देऊच शकत नाही, आणि तसं लिहून टाकावं. पण सगळी नाही. नायजरमधला, सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजातला गिटारवादक मदू मोक्तार तमाशेक भाषेत गातो. २०२४ चा त्याचा 'फ्यूनरल फॉर जस्टिस' म्हणजे कडाडणारी इलेक्ट्रिक गिटार आणि धावत सुटलेले ड्रम. २०२५ मध्ये त्याच बँडनं तीच गाणी विजेच्या गिटारींशिवाय, ध्वनिवाद्यांवर पुन्हा वाजवून 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' काढला. त्याआधी, २०२३ च्या जुलैमध्ये, ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या देशात लष्करी उठाव झाला आणि त्यांना घरी परतता येईना. हे दोन्ही अल्बम शेजारी ठेवून एकच गाणं दोनदा ऐका. मला एक शब्द कळत नाही, पण पहिल्यात जो संताप होता तो दुसऱ्यात शोक झालाय हे कळायला शब्द लागले नाहीत. गती उतरलीय, टाळ्यांसारखा ठेका पुढे आलाय, आणि गळा ओळीच्या शेवटी खाली पडतो. नंतर मी भाषांतर शोधून वाचलं. गाणी फ्रान्सच्या वसाहतवादाबद्दल आणि तुआरेग लोकांच्या हालांबद्दल आहेत. ते वाचल्यावर माझं मत उलटं झालं नाही, खोल झालं. क्रम मात्र मी हाच ठेवतो: आधी कानानं, मग शब्दांनी. उलटं केलं की शब्दच ऐकू यायला लागतात आणि संगीताला भल्याबुऱ्या हेतूचे गुण मिळतात.

तेव्हा 'शेवटी वैयक्तिक आवडच ना?' याला माझं उत्तर असं: निकाल वैयक्तिक असतो, पण त्याच्या आधीचं सगळं दुसऱ्याला दाखवता येतं. 'प्रॉमिसेस'च्या सहाव्या भागात तो तुकडा बुडतो की नाही हे तुम्ही स्वतः तपासू शकता. त्यानं माझ्या पोटात काय झालं ते माझं. वाचणाऱ्याला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या तर माझं मत त्याला न पटूनही कामाचं ठरतं. मला सर्वांत आनंद झाला होता तो एका वाचकाच्या निरोपानं. त्यानं लिहिलं होतं, की 'तुम्ही ज्या कारणासाठी तो अल्बम नाकारलात, नेमक्या त्याच कारणासाठी मी तो घेतला आणि मला फार आवडला.'

आणि गुण. पहिली सहा वर्षं मी दहापैकी गुण देत होतो. मग एकदा जुनी वही काढली आणि बघतो तर एका जॅझ त्रयीला साडेसात, एका हिप-हॉप अल्बमला साडेसात, एका समूहगानालाही साडेसात. त्या आकड्यावरून मला त्या तिन्हींतलं काहीही आठवेना. त्या दिवशी आकडे बंद केले. आता आकड्याच्या जागी मी वेळ लिहितो: ट्रॅक कितवा, किती मिनिटं, किती सेकंद. जिथे माझं मत बनलं किंवा फिरलं ती जागा, आणि तिच्यापुढे एक ओळ. लॉग ड्रम कुठे आला, गळा कुठे पडला, मी कुठे कंटाळलो. वर्षभरानं ती वही उघडली की गाणं कानात वाजायला लागतं.

तुमच्यासाठी सुरुवात 'प्रॉमिसेस'पासूनच करा असं म्हणेन. तुम्ही लिहिलंत की जुन्या गाण्यांतले वाद्यांचे तुकडे तुम्हाला पाठ आहेत. म्हणजे शब्दांशिवाय ऐकणारा कान तुमच्याकडे आधीच आहे, फक्त तो दहा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांवर वाढलाय. त्याला पाऊण तास द्या. हेडफोन लावा, आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवा, आणि सात स्वरांच्या त्या तुकड्याकडे लक्ष देऊ नका. मत बनेल ती वेळ लिहून ठेवा. कंटाळा आला तर तो कितव्या मिनिटाला आला तेही लिहा. मग तीन आठवडे थांबून पुन्हा ऐका, आणि दोन्ही टिपणं मला पाठवा. माझं अठराव्या मिनिटाचं मी तुम्हाला सांगितलंच आहे.